बायकांच्या बाजूची टेप

शिवप्पाच्या टेपमध्ये बाई बोलत नाही, असं नांदेडपासून उदगीरपर्यंतचे शौकीन म्हणायचे. कौतुकानं म्हणायचे. बाई म्हणजे शहजादी, नांदेडची कव्वाल. जिथं उरूस तिथं तिचं स्टेज, आणि जिथं तिचं स्टेज तिथं स्पीकरच्या खांबाला टेकून, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसलेला लातूरचा शिवप्पा. गंजगोलाईत दोर-सुतळीचं दुकान, कपाळाला भस्माचं इबीत, गळ्यात लिंग, आणि कान मात्र कव्वालीला दिलेला.

शहजादीच्या कंपनीच्या कॅसेटी बाजारात होत्या. पण शौकिनांना त्या नको असायच्या. कंपनीच्या कॅसेटमध्ये गाणं पान चघळून होईस्तोवर संपतं. उरसात तीच ओळ ती घोळवून घोळवून गायची, सोडून द्यायची, पुन्हा पदराला गाठ मारावी तशी जवळ ओढायची. पहाटेला तिचा गळा फाटायचा. त्या फाटलेल्या गळ्यातून जे येई ते कुठल्या कंपनीला सापडलं नाही. ते सापडलं शिवप्पाला, अन् त्याच्या टेपवरून उतरवून घेणाऱ्या दहावीस वेड्यांना. अर्धापूरहून एक केळीवाला नुसती एक टेप ऐकायला लातूरला यायचा अन् ऐकून झाल्यावर डोळे पुसत परत जायचा.

कॅसेट नव्वद मिनिटांची, आणि शहजादीला बोलायची खोड. दोन गाण्यांच्या मध्ये ती पाणी मागायची, तबलेवाल्याची फिरकी घ्यायची, नोट देणाऱ्याचं नाव पुकारून त्याला लाजवायची. एवढं सगळं भरलं तर गाणं मावायचं कुठं? म्हणून शिवप्पाचा अंगठा पॉजच्या बटणावर ठेवलेला. बोलणं आलं की टक्. सूर लागला की टक्. त्याचा मित्र निजामोद्दीन नांदेडला इतवाऱ्यात टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, अरे भई, तुझ्या टेपमध्ये ही बाई श्वास कधी घेते तेच कळत नाही.

हे सगळं जुनं झालं. शहजादी तर ऐन भरातच गेली, कार्यक्रमावरून येताना जीप उलटून. टेपा राहिल्या, वरच्या खोलीत, भिंतभर. शिवप्पाची बायको गंगम्मा दर सणाला त्या फडक्यानं पुसायची अन् मध्ये मध्ये कापराच्या वड्या ठेवायची. म्हणायची, ही माझी सवत, पण हिला कसर लागू द्यायची न्हाई.

गंगम्मा उन्हाळ्यात गेली. माती दिली, विधी झाले, पाव्हणे परतले. शिवप्पाला रडू आलं नाही. पायाला मुंग्या आल्यावर पाय आपला वाटत नाही, हात लावला तरी दुसऱ्याच्या पायाला लावल्यासारखं वाटतं, तसं त्याला सगळंच वाटत होतं. चहा गरम लागायचा, गोड लागायचा नाही. दुकानावर मुलगा राजशेखर बसे. सून सृष्टीनं दोनदा विचारलं, मामंजी, अत्यांच्या पेटीचं काय करायचं. पत्र्याची पेटी, गंगम्माच्या माहेराहून, निलंग्याहून आलेली. तो म्हणाला, बघू. पेटी पलंगाखाली होती. तो पलंगावर झोपायचा.

टेपा त्यानं लावून बघितल्या. ज्या ओळीला अंगावर काटा यायचा ती ओळ आली, गेली. आवाज कानापर्यंत आला अन् उंबऱ्यावरच बसला. आत काही आला नाही.

अशात एक दिवस निजामोद्दीनचा फोन आला. शहजादीची लेक येऊन राहिली तुझ्याकडं, म्हणाला. तिला एक टेप ऐकव.

ती सकाळच्या बसनं आली. तूबा नाव, तिशीची असेल. नांदेडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. आईचं नाक तेवढं तिच्यात आलं होतं. खुर्चीच्या कडेवर बसली, पाणी घेतलं, आणि फार आढेवेढे न घेता काय हवं ते सांगितलं.

आई गेली तेव्हा ती चौथ्या वर्षात होती. आईचं तिला आठवतं ते फक्त हिरव्या रंगाचं काहीतरी, गालाला खरखरीत लागणारं. घरात फोटो आहेत. लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे, पण त्यात आई नुसती ओठ हलवते, वरून व्हिडिओवाल्यानं सिनेमाचं गाणं चढवलेलं. कंपनीच्या कॅसेटीत गाणं आहे. निजामचाचांकडच्या सगळ्या टेपांत गाणं आहे, कारण त्या सगळ्या शिवप्पाच्या टेपांवरून उतरवलेल्या. आईचा बोलण्याचा आवाज कुठंच नाही.

"मला गाता येत नाही, काका," ती म्हणाली. "अजिबातच. लोक विचारतात, आईसारखं गातेस का. मी नाही म्हणते. पण मी तिच्यासारखी बोलते का, एवढं मला बघायचंय."

निजामोद्दीननं तिला कंधारच्या उरसाची गोष्ट सांगितली होती. तूबा तेव्हा दोन-अडीच वर्षांची, स्टेजवर पेटीवाल्याच्या बाजूला बसवलेली. मध्येच ती रडायला लागली. शहजादीनं गाणं थांबवलं, माईक हातात घेऊनच लेकीशी काहीतरी बोलली, आणि सगळा मंडप हसला. काय बोलली ते निजामोद्दीनला आठवत नव्हतं. पण शिवप्पानं तो उरूस टेपवर भरला होता.

शिवप्पा उठला. कंधारची टेप त्याला बघूनसुद्धा काढावी लागली नाही, हातालाच माहीत होती. हेडवरून स्पिरिटचा बोळा फिरवला अन् टेप लावली. पेटी, टाळ्या, तबला. मग शहजादी. खोली भरून गेली तिच्या आवाजानं. तूबा फरशीकडं बघत ऐकत होती. मागं, फार लांब, एक लेकरू किरकिरलं. तूबानं मान वर केली.

टक्.

गाणं पुढं सुरू. लेकरू नाही, हसणं नाही. एका श्वासातून दुसरा श्वास.

शिवप्पाला तो क्षण लख्ख आठवला. लोक हसत होते आणि त्याला राग आला होता, की भर रंगात या पोरीनं घाण केली. अंगठा आपोआप खाली गेला होता.

"इथंच होतं का?" तूबानं विचारलं.

"हाव. इथंच."

"बरं," ती म्हणाली. तिचा चेहरा होता तसाच राहिला. थोड्या वेळानं म्हणाली, "दुसरी कुठली नाही ना, काका? तुम्ही नाही, दुसऱ्या कुणी भरलेली?"

शिवप्पाची नजर पलंगाखाली गेली.

"न्हाई," तो म्हणाला.

सृष्टीनं तिला जेवायला थांबवायला बघितलं. तिला ड्युटी होती. जिन्यावरून उतरताना तिनं त्याला सलाम केला, आणि शहजादी गाणं संपल्यावर जसं कपाळाला हात लावून किंचित कलायची, तशीच कलली. तिला हे माहीत नसणार. शिवप्पानं ते बघितलं अन् आत जाऊन पलंगावर बसला.

दुसरी टेप होती.

त्या उरसात पुरुषांच्या बाजूचा भोंगा फाटका निघाला होता, खर्जात नुसता फरफर करायचा. बायकांच्या बाजूचा, कनातीपलीकडचा, चांगला होता. पण तिथं पुरुषांना मज्जाव. शिवप्पानं निजामोद्दीनचं छोटं यंत्र मागून घेतलं अन् गंगम्माच्या ओटीत दिलं. तिला एकच शिकवलं: लाल अन् काळं, दोन्ही बटणं एकदम दाबायची, थांबलं की कॅसेट उलटी घालायची. पॉजचं बटण काही तिला दाखवलं नाही. तिनं सांगितलं तसं केलं. घरी येऊन त्यानं ऐकलं तर गाणं लांब, विहिरीच्या तळाशी असल्यासारखं, आणि वर बायकांची बडबड. तिचीच जास्त. त्यानं कॅसेट काढून फेकली होती. निस्ती बडबड भरून आणलीस, म्हणाला होता, पुसून दुसरं काही भरतो आता हिच्यावर. गंगम्मानं ती उचलली. राहू द्या माझ्याजवळ, म्हणाली, अन् पेटीत टाकली. त्यानंतर त्यानं ती कधी मागितली नाही अन् तिनं कधी काढली नाही.

दोन दिवसांनी निजामोद्दीनचा फोन. पोरीचं काम न्हाई झालं म्हणून सांगून राहिली, म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "शिवप्पा, कंधारला माझी मशीन नेली होती ना तू? भाभीनं भरलं होतं एक."

"हाव."

"कुठाय ती?"

"पेटीत हाय. गंगम्माच्या."

पलीकडून रिक्षांचे हॉर्न ऐकू आले.

"पेटीला कुलूप हाय का?" निजामोद्दीननं विचारलं.

"न्हाई."

"मग?"

फोन कानाला लावून दोघं म्हातारे तसेच बसले, एक लातूरला, एक नांदेडला, आणि शेवटी निजामोद्दीननंच ठेवून दिला.

दुपारी शिवप्पानं सृष्टीला हाक मारली. पेटी ओढ म्हणाला. तिनं ओढली अन् न विचारता बाहेर गेली. वर लुगडी होती, घडी घातलेली. त्याखाली लिंग बांधायचं पांढरं वस्त्र, तिच्या आईची जुनी नथ, बटणांचा डबा. आणि सगळ्याच्या तळाशी, कापराच्या वडीसकट, पोलक्याच्या कापडात बांधलेली कॅसेट. लुगड्यांना तिचा वास असेल असं त्याला वाटलं होतं. कापराचाच होता.

कॅसेट त्यानं उजेडाला धरली. मधला नमद्याचा तुकडा, टेपला हेडवर दाबून धरणारा, झिजून गळून पडला होता. अशी लावली तर आवाज उठायचा नाही. तो तुकडा बसवावा निजामोद्दीननंच. शिवप्पाला बरं वाटलं की काय, ते त्यालाही कळलं नाही. घरी लावायची वेळ आली नाही, एवढं खरं.

सकाळच्या बसनं निघाला. सृष्टीनं फडक्यात धपाटे बांधून दिले. अहमदपूर गेलं, लोहा आलं, तिथून कंधारकडं वळणाऱ्या रस्त्याची पाटी गेली. हरभरा हिरवा होता. तो खिडकीतून बघत होता अन् कॅसेट सदऱ्याच्या खिशात, बाहेरून हात ठेवून. धपाट्यांची गाठ त्यानं सोडलीच नाही.

निजामोद्दीन दुकानातच होता. आता तिथं मोबाईलला काचा बसवतात. टेपरेकॉर्डर एकच, मागच्या खोलीत, त्याचा स्वतःचा. "शरणार्थ, शिवप्पा," तो म्हणाला. "सलाम," शिवप्पा म्हणाला. चाळीसेक वर्षांची ही त्यांची थट्टा, एकमेकांचं अभिवादन एकमेकांना करायची. आज दोघांनी ती नुसती पार पाडली.

तूबा ड्युटी संपवून आली. हाताला स्पिरिटचा वास. तिनं शिवप्पाकडं बघितलं. तो म्हणाला, त्या दिवशी मी न्हाई म्हनलो, पर होती. ती म्हणाली, असू द्या, काका. का, ते तिनं विचारलं नाही.

निजामोद्दीननं चष्मा चढवला, स्पंजचा बारीक तुकडा कापला, चिमट्यानं आत बसवला. टेप जुनी झाली, म्हणाला, एकदाच चालवायची, मागं-पुढं केली की तुटेल. तूबानं मोबाईल रेकॉर्डिंगला लावून स्पीकरसमोर ठेवला. निजामोद्दीननं सवयीनं ओठांवर बोट ठेवलं. तिघं गप्प झाले.

आधी नुसती खरखर. मग, इतकी जवळ की शिवप्पा मागं सरला:

"चालू झालं का गं हे? लाल अन् काळं, दोनी दाबलेव बाई मी."

लांब कुठंतरी पेटी वाजू लागली. शहजादी गायला लागली, कनातीच्या, भोंग्याच्या, बायकांच्या बांगड्यांच्या पलीकडून. आणि अलीकडं गंगम्मा. शेजारच्या म्हातारीला ती अक्का म्हणत होती, आणि म्हातारीला ऐकू कमी येत असावं, कारण सगळं ती दोनदा सांगत होती. निलंग्याचा पाऊस. भावजयीचं बाळंतपण. मग म्हणाली, आमचे वांगं खात न्हाईत, अक्का. नाव काढलं की ताट सारतेत. मी भरीत करून धपाट्याच्या पिठात मळते. दोन जास्तच खातेत. साकु, बास म्हनलं तरी उठत न्हाईत.

निजामोद्दीनच्या खांद्यांना हसू फुटलं. त्यानं तोंड दाबलं, रेकॉर्डिंग चालू होतं म्हणून. शिवप्पा फडक्यात बांधलेल्या धपाट्यांकडं बघत राहिला.

मग लेकरू रडलं. इथं ते बारीक नव्हतं. गाणं अडखळलं, थांबलं. तूबाचा श्वास थांबलेला शिवप्पाला कळला. त्याचा अंगठा मांडीवर होता. तो खाली दबला. कुठलंच बटण तिथं नव्हतं.

भोंग्यातून शहजादी बोलली. फाटक्या गळ्यानं, घाईत, घरातल्या आवाजात. शब्द मंडपात घुमून एकमेकांवर पडले. एवढं ऐकू आलं, "रो नक्को गे," आणि मग हसण्याची लाट, तिच्यात बाकीचं बुडालं. तूबा पुढं वाकली. संपलंच होतं.

"काय म्हनली गं?" टेपमधल्या म्हातारीनं विचारलं.

आणि गंगम्मानं नेहमीसारखं सावकाश, एकेक शब्द ठेवत सांगितलं, "लेकराला म्हनली, रडू नको गुठले. ही समदी मानसं तुझे मामा हायत. एकच गानं म्हनते, मग जाऊ आपुन घरी."

"कुठलं जातीय."

"जात न्हाई, अक्का. सकाळच करतीय आता. आमचे बी असंच म्हनतेत बगा. एकच टेप भरतो, मग जाऊ." जरा थांबून म्हणाली, "म्या बी काय, बसते."

शहजादीनं सूर लावला. आता ते लेकरू रडत नव्हतं.

टेप चालू राहिली. बाजू संपेपर्यंत कुणी काही केलं नाही. गाणं आलं, गेलं, गंगम्मानं कुणाला तरी सुपारी दिली, कुणाची तरी चप्पल सापडेना झाली. खट्ट करून बटण वर आलं. रस्त्यावर कुणी स्कूटर चालू करत होतं, होत नव्हती.

"गुठली," तूबा म्हणाली. आंब्याच्या कोयीसारखा तो शब्द तोंडात ठेवून बघितल्यासारखं. "मला कुणी सांगितलं नव्हतं."

"सांगणार कोण," निजामोद्दीन म्हणाला. "तुझी नानी तर नुसतं बेटी म्हणायची."

"आवाज ऐकला, चाचा. पण एवढुसा आला." तिनं शिवप्पाकडं बघितलं. "बोलते का मी तशी?"

शिवप्पानं खोटं बोलायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. पण त्यानं खरंच आठवून बघितलं. शहजादी बोलायला लागली की त्याचं लक्ष बटणावर असायचं. ती बोलायची कशी ते त्याच्या कानात नव्हतंच.

"मला न्हाई सांगता येत, माय," तो म्हणाला. "पर ते घाईत बोलनं हाय तुझ्यात. तेवढं हाय."

तिनं मान हलवली. डोळ्यांत काही नव्हतं, त्याच्याही नव्हतं. निजामोद्दीनची सून चहा ठेवून गेली. शिवप्पानं घोट घेतला. गरम होता.

निजामोद्दीन कॅसेट काढू लागला तसा शिवप्पा म्हणाला, "मागं घे जरा."

"तुटेल, बोललो ना. ती गुठलीची जागा ना? ती आली हिच्या मोबाईलमध्ये."

"ती न्हाई." शिवप्पानं कप खाली ठेवला. "ते धपाट्याचं."

तूबानं मोबाईल उचलला, तिथंच थांबली. पडद्यावरचे आकडे अजून पुढं सरकत होते.

"हे बंद करायचं राहिलंच की," ती म्हणाली. "आपण बोललो ते सगळं आलं."

शिवप्पाचा हात पुढं आला. मग त्यानं तो मागं घेतला, धपाट्यांचं फडकं जवळ ओढलं अन् गाठ सोडायला लागला. गाठ सृष्टीनं घट्ट मारली होती.

"राहू दे चालू," तो म्हणाला.